लिफ्टने वर, सायकलने खाली : बाइक पार्कला जाण्याआधी



मेमोरियल डे उलटला की मंडळाच्या पिकनिकमध्ये आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. एका हातात भेळेची प्लेट, दुसऱ्या हातात फोन, फोनवर कुठल्या तरी चकचकीत सायकलचा फोटो. "तुम्ही ते लिफ्टने सायकली वर नेऊन डोंगरावरून खाली येता ना? आमच्या चिरंजीवांनाही जायचंय. ही सायकल घेऊ का?"

प्रश्न साधा आहे, उत्तर मात्र उभ्या-उभ्या देता येत नाही. म्हणून आम्ही चौघांनी (चौघेही इंजिनिअर, चौघेही आयटीत, आणि चौघांचीही ढोपरं फुटलेली) ठरवलं की एकदा सगळं नीट लिहून काढावं. ज्यांना एवढं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी सार आधीच सांगतो : सायकल शेवटी निवडा, आधी ट्रेल निवडा. आपण सगळे नेमकं उलटं करतो. आम्हीही केलं होतं.

बाइक पार्क म्हणजे काय?

हिवाळ्यात जिथे स्कीइंग चालतं त्या डोंगरांवर उन्हाळ्यात लिफ्ट रिकाम्या असतात. त्याच लिफ्टला सायकली अडकवायच्या, आपण मागच्या खुर्चीत बसायचं, माथ्यावर उतरायचं आणि खास सायकलसाठी बांधलेल्या वाटांनी खाली यायचं. खाली आलं की पुन्हा रांगेत. दिवसभराचं तिकीट, हव्या तितक्या फेऱ्या.

लिफ्ट मुळात सायकलसाठी जन्मली नव्हती. खुर्च्यांची पहिली लिफ्ट १९३६ साली आयडाहो राज्यात सन व्हॅली इथे सुरू झाली. युनियन पॅसिफिक रेल्वेच्या जेम्स करन या इंजिनिअरने केळ्यांचे घड जहाजात चढवण्याच्या यंत्रावरून ती कल्पना घेतली होती. केळ्यांच्या जागी माणसं आली आणि पुढे माणसांबरोबर सायकली आल्या. कॅलिफोर्नियातलं मॅमथ माउंटन हे या देशातल्या जुन्या बाइक पार्कांपैकी एक, १९८६ पासूनचं. २०११ साली अमेरिकन काँग्रेसने केलेल्या एका कायद्याने राष्ट्रीय वनजमिनीवरच्या स्की रिसॉर्टना उन्हाळी खेळांसाठी स्पष्ट परवानगीची वाट मोकळी झाली, आणि त्यानंतर असे पार्क वाढायला मदत झाली.

लिफ्ट काय देते आणि काय काढून घेते

पुण्यात असताना आम्ही सायकलने सिंहगड चढायचो. जो धापा टाकत वर पोचायचा तोच उताराचा मानकरी. वर पोचेपर्यंत त्याला आपली सायकल, आपला दम आणि रस्त्याची वळणं यांची पुरती ओळख झालेली असायची. म्हणजे चढ हा एक प्रकारचा परीक्षक होता. नापास झालेला अर्ध्यातून परत फिरायचा आणि उताराच्या धोक्यातून आपोआप वाचायचा.

लिफ्ट ही परीक्षाच रद्द करते. तिकीट घेतलं की कोणीही, कुठल्याही सायकलसह, दहा-पंधरा मिनिटांत माथ्यावर. तिथून दहा वाटा फुटतात आणि तुम्हाला झेपेल ती कोणती, हे सांगायला कोणी नसतं. शिवाय एरवी दिवसात एकदाच मिळणारा मोठा उतार इथे दहा-बारा वेळा उतरला जातो. सायकलचे ब्रेक आणि आपले मनगट, दोघांनाही ही सवय नसते.

आमच्या पहिल्याच ट्रिपची गोष्ट. लेबर डेचा वीकएंड होता. आमच्यातल्या एकाने डिपार्टमेंट स्टोअरमधून दोनशे डॉलरला घेतलेली "माउंटन बाइक" आणली होती. पुढे स्प्रिंग, मागे स्प्रिंग, दिसायला एकदम दणकट. नळीवर बारीक अक्षरातलं स्टिकर होतं की ही सायकल रस्त्याबाहेर चालवण्यासाठी नाही. ते आम्ही नंतर वाचलं. सकाळच्या तीन फेऱ्या सोप्या वाटेने छान झाल्या, आत्मविश्वास वाढला. दुपारी चार वाजता "आता शेवटची एक" म्हणून निघालो आणि एका फाट्यावर डावीकडे वळायच्या ऐवजी तो सरळ गेला. पुढे काळ्या खुणेची वाट होती. ब्रेक आधीच तापलेले, बोटं बधिर झालेली. तिसऱ्या वळणावर ब्रेकचा खटका हँडलला टेकला, सायकल काही थांबली नाही. कॉलरबोन मोडलं.

तीन महिने तो हात गळ्यात बांधून टायपिंग करत होता. इमर्जन्सी रूम, सर्जन आणि प्लेटचं ऑपरेशन मिळून त्या वर्षाचा संपूर्ण डिडक्टिबल एका दुपारीत संपला. भारतात आईला फोनवर काय सांगायचं, याची रिहर्सल आम्ही हॉस्पिटलच्या पार्किंग लॉटमध्ये केली. चूक डोंगराची नव्हती. वाट चुकली, सायकल चुकली आणि वेळ चुकली. तीनपैकी एक गोष्ट जरी बरोबर असती तरी तो हसत घरी आला असता.

आधी ट्रेल : खुणा कशा वाचायच्या

स्कीइंग केलेल्यांना या खुणा ओळखीच्या वाटतील.

• हिरवा गोल : सोपी, रुंद, कमी उताराची वाट. नवीन माणसाने पहिला पूर्ण दिवस इथेच काढावा.
• निळा चौकोन : मध्यम. अरुंद, जास्त उतार, वळणांवर मातीचे उंच बांध, लहान उड्या.
• काळा हिरा : अवघड. दगड, मुळं, मोठ्या उड्या, चुकीला जागा कमी.
• दोन काळे हिरे : ज्यांना या लेखाची गरज नाही त्यांच्यासाठी.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, या खुणा त्या-त्या पार्कपुरत्या असतात. एका ठिकाणचा निळा चौकोन दुसऱ्या ठिकाणी काळा ठरू शकतो. नव्या पार्कात गेलात की कितीही अनुभव असला तरी पहिली फेरी हिरव्याने सुरू करा. दोन, रंग अर्धीच माहिती देतो. वाट "फ्लो" आहे की "टेक्निकल", हे वेगळं विचारा. फ्लो म्हणजे यंत्राने बांधलेली, गुळगुळीत, लाटांसारखी वाट. टेक्निकल म्हणजे डोंगर जसा आहे तसा : दगड, मुळं, निसरडी माती. निळा फ्लो आवडला म्हणून निळ्या टेक्निकलवर गेलात तर आपण वेगळ्याच खेळात आलो असं वाटेल. नकाशा फोनवर असतोच, पण तिकीट खिडकीवर कागदी मिळाला तर घ्या आणि फाटे आधी बघून ठेवा. आमचा मित्र फाट्यावरच चुकला होता.

आता वाटेवर काय-काय भेटतं ते.

बर्म म्हणजे वळणाच्या बाहेरच्या अंगाला उभारलेला मातीचा बांध. त्यावर सायकल आडवी करून वेग न मोडता वळता येतं. ब्रेक वळणाच्या आधी लावायचा, वळणात नाही.

टेबलटॉप म्हणजे वर सपाट माथा असलेला उडीचा उंचवटा. उडी मारायची नसेल तर चाकं जमिनीवर ठेवून तसंच पार होता येतं, म्हणून शिकायला उत्तम.

गॅप म्हणजे मध्ये रिकामी जागा सोडलेली उडी. वेग कमी पडला तर मधल्या खड्ड्यात. इथे अर्धवट धीर कामाचा नाही. एकतर पूर्ण तयारीने जायचं, नाहीतर बाजूची पळवाट घ्यायची. बऱ्याच ठिकाणी अशी पळवाट ठेवलेली असते आणि ती घेण्यात काही कमीपणा नाही.

ड्रॉप म्हणजे पायरीसारखी तुटलेली वाट. वरून खालची जमीन दिसत नाही, म्हणून सायकल बाजूला उभी करून आधी चालत जाऊन बघा.

पार्कवाले एक मंत्र सांगतात : प्री-राइड, री-राइड, फ्री-राइड. पहिल्यांदा हळू जाऊन वाट बघा, दुसऱ्यांदा तीच वाट बऱ्या वेगाने करा, मोकळं सुटायचं ते तिसऱ्यांदा. कोड लिहून टेस्ट न करता प्रॉडक्शनमध्ये टाकू नये, हे आम्हा आयटीवाल्यांना वेगळं सांगायला नको.

मग सायकल : कुठल्या वाटेला कुठली

माउंटन बाइकमध्ये बघायची मुख्य गोष्ट म्हणजे सस्पेन्शनची "ट्रॅव्हल", म्हणजे चाक किती मिलिमीटर वर दबू शकतं ते. ढोबळमानाने चार जाती सांगता येतील.

• क्रॉस कंट्री, १०० ते १२० मिमी : हलकी, चढाला उत्तम. पार्कात हिरव्या वाटेपुरती ठीक.
• ट्रेल, १२० ते १५० मिमी : सर्वांगीण. हिरवा आणि निळा फ्लो आरामात होतो. एकच सायकल ठेवायची असेल तर ही.
• एंड्युरो, १५० ते १८० मिमी : वर पेडल मारत जाता येतं आणि उतारही दणकून होतो. पार्कात वरचेवर जाणाऱ्यांसाठी.
• डाउनहिल, २०० मिमीच्या आसपास : पुढचा फोर्क मोटरसायकलसारखा दोन ठिकाणी बांधलेला. वजन १६ ते १८ किलो. चढावर निरुपयोगी, लिफ्टसाठीच जन्मलेली.

ज्यांच्या मागच्या चाकाला सस्पेन्शनच नसतं त्यांना हार्डटेल म्हणतात. कसलेला माणूस हार्डटेलवरही पार्क करतो, पण नवख्याचे दात आणि पाठ दोन्ही खिळखिळे होतात. डिपार्टमेंट स्टोअरमधली सायकल कॅम्पग्राउंडपुरती ठेवा, लिफ्टपर्यंत आणू नका.

चाकांबद्दल फार वाद घालण्यात अर्थ नाही. पूर्वी सगळं २६ इंची होतं, आता बहुतेक २९ किंवा साडेसत्तावीस. २९ इंची चाक खड्ड्यांवरून सहज जातं, लहान चाक चपळ वळतं. पुढे मोठं, मागे लहान अशी जोडीही मिळते आणि २०१९ पासून ती आंतरराष्ट्रीय शर्यतींत चालते. पाच फूट तीन-चार इंच उंचीच्या माणसाला ही जोडी सोयीची जाते, कारण तीव्र उतारावर मागे सरकताना मागचं चाक कमी आड येतं.

ब्रेकचा हिशोब

इंजिनिअर असल्यामुळे हा भाग गाळवत नाही. माणूस आणि सायकल मिळून ९० किलो धरा आणि उतार ३०० मीटरचा, म्हणजे साधारण हजार फुटांचा. वस्तुमान गुणिले गुरुत्वाकर्षण गुणिले उंची केलं की सुमारे २ लाख ६५ हजार ज्यूल येतात. एवढ्या ऊर्जेत पाऊण लिटर गार पाणी उकळेल, म्हणजे चार-पाच कप चहाचं आधण. यातला काही भाग हवा, टायर आणि सस्पेन्शन खातात, पण घाबरून ब्रेक धरून उतरणाऱ्या नवख्याच्या बाबतीत बराचसा भाग ब्रेकच्या पातळ चकत्यांमध्येच उष्णता होऊन जातो. हे एका फेरीचं झालं. दिवसात अशा दहा फेऱ्या.

हा प्रश्न नवा नाही. माउंटन बाइकचा जन्मच त्यातून झाला म्हणा ना. १९७६ साली कॅलिफोर्नियात मरिन काउंटीतल्या फेअरफॅक्स गावाजवळ काही तरुण जुन्या जाड टायरच्या सायकलींवर उताराच्या शर्यती लावू लागले. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही त्यातलीच मंडळी. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या हबच्या आत असे. एका उतारात हबमधलं ग्रीस जळून धूर निघे आणि दर वेळी हब उघडून नवं ग्रीस भरावं लागे. म्हणून त्या शर्यतीचं नावच "रीपॅक" पडलं.

तेव्हा पार्कसाठी हायड्रॉलिक डिस्क ब्रेक हवेतच. चार पिस्टनचे आणि २०० मिमीच्या आसपास चकतीचे असतील तर उत्तम. तारेने ओढले जाणारे ब्रेक घरी ठेवा. ब्रेक एका बोटाने, थोडा-थोडा, दोन्ही चाकांना मिळून लावायचा. सतत धरून ठेवला तर तो तापतो, ढिला पडतो आणि आपली बोटंही जातात.

सस्पेन्शन तुमच्या वजनाप्रमाणे लावावं लागतं. दुकानात वजन खरं सांगा, हेल्मेट आणि पाठीवरच्या पिशवीसकट. (इथे लाजून पाच किलो कमी सांगितले तर तोटा आपलाच.) सायकलवर नुसतं उभं राहिल्यावर सस्पेन्शन एकूण ट्रॅव्हलच्या २५ ते ३० टक्के दबलं की बरोबर. सीट खाली करा. उतारावर बसायचं नसतं. पेडल समांतर, टाचा खाली, कोपरं बाहेर, गुडघे मोकळे आणि नजर चाकापुढे नाही तर पुढच्या वळणावर.

विकत की भाड्याने?

पहिल्या तीन-चार वेळा भाड्याने. यावर आमचं एकमत आहे, आणि आमच्यात एकमत क्वचित होतं. मोठ्या पार्कात तिकीट आणि डाउनहिल सायकल मिळून दिवसाला दोनशे डॉलर किंवा थोडे जास्त लागतात. ऐकायला महाग वाटतं. पण चांगली नवी एंड्युरो किंवा डाउनहिल सायकल काही हजार डॉलरला पडते, आणि ब्रेक पॅड, टायर, सस्पेन्शनची सर्व्हिस हे वेगळं. वर्षात दोनदा जाणाऱ्याने ती गॅरेजमध्ये पोसू नये. भाड्याच्या सायकलबरोबर बहुतेक ठिकाणी हेल्मेट आणि पॅडही मिळतात. नवख्यांसाठी तिकीट, सायकल आणि दोन तासांचा क्लास असं पॅकेज असेल तर डोळे मिटून घ्या. आपण लहानपणी नळीखालून पाय घालून सायकल शिकलो म्हणजे आपल्याला सायकल येते, हा भ्रम त्या दोन तासांत गोडीने उतरतो.

जुनी सायकल विकत घेणार असाल तर फ्रेमच्या जोडांवर तडे, फोर्कवर तेलाचे ओघळ आणि चाकांची रिम नीट बघा. भाड्याने देणाऱ्या दुकानांत हंगाम संपताना वापरलेल्या सायकली विकायला निघतात का, तेही विचारून ठेवा.

हेल्मेट आणि चिलखत

१९९९ पासून या देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक सायकल हेल्मेटला सीपीएससी हे सरकारी मानक पाळावं लागतं. ते रस्त्यापुरतं झालं. पार्कसाठी हनुवटी झाकणारं फुल-फेस हेल्मेट घ्या आणि त्यावर एएसटीएम एफ १९५२ हा डाउनहिलचा शिक्का आहे का बघा. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून ठीक दिसलं तरी बदलायचं. गुडघे आणि कोपरांना पॅड, पूर्ण बोटांचे हातमोजे, डोळ्यांना गॉगल, पायात सपाट तळाचे बूट. डोकं आपटलं, गरगरलं किंवा मळमळलं तर त्या दिवसाची सायकल तिथेच संपली. डॉक्टरला दाखवल्याशिवाय पुन्हा बसायचं नाही, तिकिटाचे पैसे कितीही झालेले असोत.

कुठे जाल?

न्यू जर्सीकरांना व्हर्ननचं माउंटन क्रीक जवळ. एडिसनहून सव्वा-दीड तास. सुमारे हजार फुटांचा उतार आहे, उघड्या डब्यांची लिफ्ट आहे आणि दगड भरपूर आहेत. बॉस्टनकरांना न्यू हॅम्पशायरमधलं हायलँड. बंद पडलेल्या स्की डोंगरावर खास सायकलसाठी उभं केलेलं हे ठिकाण शिकायला चांगलं. थोडं दूर व्हरमाँटचं किलिंग्टन. वॉशिंग्टन डीसीच्या मंडळींना वेस्ट व्हर्जिनियाचं स्नोशू, जिथे २०१९ साली वर्ल्ड कप झाला.

बे एरियाहून टाहोजवळचं नॉर्थस्टार चारेक तासांवर. लॉस एंजलिसहून बिग बेअरचं स्नो समिट. मॅमथ लांब आहे, पण एकदा जायलाच हवं. माथा ११,०५३ फूट. तिथे दम लागतो, डोकं दुखतं, ऊन भाजतं. पहिल्या दिवशी पाणी जास्त, फेऱ्या कमी. डेन्व्हरकरांना विंटर पार्कचं ट्रेसल. तिथली "ग्रीन वर्ल्ड" ही लांबलचक हिरवी वाट नवख्यांना वरदान आहे. सिएटलकरांना स्टीव्हन्स पास. आणि ज्यांना पंढरी गाठायची आहे त्यांनी कॅनडातलं व्हिसलर गाठावं. पण भारतीय पासपोर्ट असेल तर कॅनडाचा व्हिसा लागतो आणि परत येताना अमेरिकेच्या स्टॅम्पिंगचा प्रश्न येतो. ते आधी बघा, सायकल नंतर.

हंगाम साधारण जून ते सप्टेंबर. उंचावरच्या पार्कांत जूनमध्येही वर बर्फ असू शकतो. कुठल्या वाटा उघड्या आहेत ते निघण्याच्या सकाळी पार्कच्या साइटवर बघून मगच डबा भरा.

मुलं, आजी-आजोबा आणि विमा

मुलांना न्यायचं तर मोजमापाची सायकल हवी. "पुढे वाढेल" म्हणून मोठी घेण्याची आपली शाळेच्या गणवेशाची पद्धत इथे धोक्याची. ब्रेकच्या खटक्यापर्यंत बोट पोचतं का, हे पहिलं बघा. लिफ्टवर उंचीची आणि सोबतीची अट असते, ती फोन करून विचारा. अठरा वर्षांखालच्यांच्या कागदावर आई-वडिलांची सही लागते. ती करण्याआधी कागद एकदा तरी वाचा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मुलांना काळ्या वाटेवर नेण्याची घाई करू नका, आणि मुलं आपल्याला नेऊ लागली तर "नाही" म्हणायला शिका. मागून येणाऱ्याने पुढच्याला सांभाळायचं, हा डोंगराचा नियम. थांबायचं तर वाटेच्या बाजूला, उडीच्या पायथ्याशी कधीच नाही.

तुमच्या विम्यात आउट-ऑफ-नेटवर्क इमर्जन्सी आणि अँब्युलन्सचं काय लिहिलंय ते निघण्याआधी बघा. भारतातून आलेल्या आई-बाबांच्या व्हिजिटर पॉलिसीत असे साहसी खेळ बहुधा वगळलेले असतात. त्यांना लिफ्टने वर नेऊन देखावा दाखवा आणि लिफ्टनेच खाली आणा.

जाता जाता

"जाता जाता" लिहिलं खरं, पण आपल्याकडे घरातून निघताना "जातो" म्हणत नाहीत, "येतो" म्हणतात. गंमत म्हणजे बाइक पार्कातले जुने लोकही "शेवटची फेरी" हा शब्द तोंडातून काढत नाहीत. त्यांना तो अपशकुन वाटतो. आम्हाला त्यामागे साधं कारण दिसतं. शेवटची म्हटली की माणूस दमलेल्या हातांनी काहीतरी मोठं करायला जातो. तेव्हा हात दुखायला लागले की हिरव्या वाटेने सावकाश खाली या आणि गाडीतला थर्मास उघडा.

आमच्या मित्राचं खांद्याचं हाड जुळलं. पुढच्या वर्षी तो पुन्हा आला, भाड्याची सायकल आणि फुल-फेस हेल्मेट घेऊन, आणि दिवसभर हिरव्या वाटेवरच राहिला. दुपारी तीन वाजताच थांबला. गाडीत बसून त्याने आईला फोन लावला, आणि या वेळी आम्हाला रिहर्सल करावी लागली नाही.

या उन्हाळ्यात जाणार असाल तर गणपतीच्या तयारीच्या मीटिंगला आम्हाला गाठा. नकाशे आहेत, जादा पॅड आहेत, सल्ले तर आहेतच. येतो!